लेकीचं औषध

थोरली हृदयाच्या पेशींवर काम करायची. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी बंद पेटीत ठेवायच्या, पेटीतला ऑक्सिजन उतरवायचा आणि काय होतं ते बघायचं. प्रयोगशाळा सरांची, औषधही सरांचंच. त्यांचं म्हणणं असं, की हृदय एरवी मुख्यतः चरबीवर चालतं, पण चरबी जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो. तुटवड्याच्या वेळी पेशीच्या भट्टीत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, चरबी शिरूच दिली नाही, तर पेशी साखरेवर निभावून नेईल. तुटवडा थोडका असला तर बशीत तसंच व्हायचं.

तो लांबला की मात्र वेगळंच दिसायचं. चरबी जळत नसली तरी पेशी ती बाहेरून ओढतच राहायची. आत थेंब साचायचे, आणि मग ऑक्सिजन परत सोडला तरी त्या पेशींचं आकुंचन धड होत नसे.

"हे पुढच्या शोधनिबंधात घेऊ," सर म्हणाले.

"पण सर, औषध तर आत्ताच माणसांना देताहेत."

"माणूस म्हणजे बशी नव्हे."

थोरलीने मान डोलावली. सरांपुढे सगळेच डोलवायचे.

सुट्टीच्या दिवशी ती माहेरी गेली, तर बाबा जिन्यात भेटले, हातात भाजीची पिशवी. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, पण स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नाही. हृदयाच्या दुखण्यानंतर इतके दिवस ते उंबरठ्याबाहेर पडले नव्हते.

"दम लागला नाही बघ," ते म्हणाले. "तुझ्याच औषधाची गोळी."

तिला न सांगता त्यांनी रुग्णालयातल्या चाचणीत नाव घातलं होतं. चाचणीत काहींना खरी गोळी, काहींना औषध नसलेली, नुसती कोरी. कोणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

"मला खरीच मिळालीय. पायांना कळतं."

"बाबा, ती बंद करा."

"लेकीचं औषध बापाने नाही घ्यायचं, तर कोणी?"

"माझं नाही, सरांचं आहे. आणि त्यात खोट आहे."

"मग आजवर तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होतीस?"

ती त्यांच्या हातातली पिशवी घेऊन घरात शिरली. धाकटी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, कधी नव्हे ते बरे दिसताहेत. राहू दे की."

थोरलीने राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी थेंबांनी भरलेल्या पेशींची छायाचित्रं घेऊन ती चाचणीच्या डॉक्टरीणबाईंना भेटली. त्यांनी बाबांची गोळी लगेच थांबवली आणि बाकीच्यांच्या तपासण्या पुन्हा करायला घेतल्या.

सरांनी तिला आत बोलावून दार लावून घेतलं. "घरचा माणूस त्यात सापडला तेव्हाच खरं आठवलं का हो तुम्हाला?"

शब्द झोंबले, कारण ते खोटे नव्हते. तिच्याकडची प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवून घेतली.

बाबा पुन्हा खोलीत बसले. भाजी आणणं सुटलं, मग जिना, मग गॅलरीतलं उभं राहणंही. भेटायला येणाऱ्यांना सांगत, "औषध लागू पडत होतं हो. पोरीनेच बंद केलं." थोरली समोर असली तरी सांगत. बाबांना एकटं टाकता येईना, म्हणून धाकटीने नोकरी सोडली.

चाचणी शेवटी गुंडाळली. खरी गोळी घेणाऱ्यांतल्या काहींची हृदयं आणखी कमजोर झाली होती. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला रुग्णालयाच्या आवारात गाठलं.

"तुमचं बरोबर निघालं," त्या म्हणाल्या. "वडिलांना मात्र कोरीच होती."

थोरलीने स्वयंपाकघरात धाकटीला हे सांगितलं. धाकटी भांडी विसळत होती.

"म्हणजे जिना चढत होते ते आपलेआपण?"

"हो."

"त्यांना नको सांगूस. गोळी लागू पडत होती, तेवढं तरी ठेव त्यांच्याकडे." मग नळ मोठा सोडत ती म्हणाली, "तुझं बरोबर निघालं ना. बास झालं."

आतून बाबांनी हाक मारली. थोरली दारात जाऊन उभी राहिली.

"तुझ्या सरांना विचारून बघ," ते धापा टाकत म्हणाले. "चाचणीत परत घेतात का मला."

"विचारते," ती म्हणाली.