पाटावरचं रिव्हॉल्व्हर

सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या त्या फ्लॅटमध्ये खंडेनवमीला पाटावर हत्यार म्हणून मांडायचं तरी काय? स्मिता आपली कात्री, विळी, स्क्रूड्रायव्हर आणि वरुणचा लॅपटॉप मांडायची. मधोमध ठेवायची एक फोटो, वरुणच्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचा. खरं रिव्हॉल्व्हर पुण्यात होतं. इथे ते आणायचा विचारही कुणी मनात आणला नसता.

फोटोसमोर गोष्ट सांगायचा मान त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीचा, गार्गीचा.

"पणजोबा युद्धात इथे सिंगापूरला होते. मग सगळी पलटण जपान्यांना शरण गेली. सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. पण पणजोबांनी हे रबराच्या झाडाखाली पुरलं. मग कित्येक वर्षं कैदेत राहिले. सुटल्यावर उकरलं आणि वळकटीत लपवून घरी नेलं. म्हणजे माणसं सरेंडर झाली, पण हे नाही झालं, लाह!"

हा सिंगापुरी 'लाह' ऐकून वरुणचे बाबा पुण्याहून फोनवर खो खो हसायचे. यंदा बाबा नव्हते. त्यांच्यामागे रिव्हॉल्व्हर वरुणकडे आलं होतं, म्हणजे कागदोपत्री यायचं होतं.

"तुझ्या नावावर करायचं, की पोलिसांत जमा करून टाकायचं, तेवढं सांग," बाबांचे धाकटे भाऊ विश्वासकाका पुण्याहून म्हणाले होते. "परवान्यासाठी हवा तो नंबर वाचता येत नाही म्हणून साफ करायला दिलंय. इतक्या वर्षांचं तेल आणि कुंकू, दगड झालाय त्याचा."

वरुणला ते हवं होतं. आजोबांनी त्याला मांडीवर घेऊन त्याची गोष्ट सांगितली होती. ती गोष्ट आता गार्गीची होती. वस्तू गेली तर नुसत्या गोष्टीवर पुढे कोण विश्वास ठेवणार?

खंडेनवमीच्या सकाळी काकांचा व्हिडिओ कॉल आला. काकांच्या शेजारी अरुणाआत्या बसली होती. आजोबांची थोरली लेक, पंच्याऐंशी वर्षांची, अजून कानाने तीक्ष्ण.

"वरुण, हे बघ." काकांनी रिव्हॉल्व्हर कॅमेऱ्याजवळ धरलं. ते ओळखू येत नव्हतं, इतकं उघडंबोडकं दिसत होतं. "मुठीवरचं कुंकू निघालं आणि खाली हे."

लाकडावर खिळ्याने कोरल्यासारखी अक्षरं होती. बयाजी.

"कोण हा?" वरुणने विचारलं.

"मला काय माहीत! आमच्या बाबांनी दुसऱ्या कुणाचं…"

"विश्वास, ते खाली ठेव," आत्या म्हणाली.

"अगं अक्का, रिकामं आहे ते."

"ठेव म्हटलं ना!"

काकांनी ठेवलं.  त्याच्याकडे बघतच आत्या बोलायला लागली, वरुणशी नाही, काकांशीही नाही.

"मी सहा वर्षांची असेन. बाबा लढाईवरून परत आले, त्यानंतरची पहिलीच खंडेनवमी. आतल्या खोलीत पाट मांडलेला, झेंडूची फुलं वाहिलेली. दारात एक बाई आली. मीच दार उघडलं. बाबांना म्हणाली, आमचं धनी तापानं पडलं हुतं, म्हणून त्यांचं पिस्तूल त्यांनी तुमच्यापाशी जमा करायला दिलं, असं परत आलेली माणसं सांगत्यात. मोजताना एक कमी भरलं. जपान्यांनी बयाजीचं नाव पुकारलं नि त्यांना घेऊन गेले. दादा, तुम्ही जमा केलं हुतं न्हवं?"

"मग?" वरुणने विचारलं.

"बाबा म्हणाले, केलं होतं. आणि मी त्यांच्या मागे उभी राहून आतल्या पाटाकडे बघत होते."

आत्याने मुठीकडे बोट दाखवलं.

"त्या दिवसापासून बाबा मुठीला कुंकू लावायचे. अंगठ्याने दाबून, तेलात कालवून. दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. आई म्हणायची, केवढी भक्ती! ते नाव लपवत होते, की त्या बयाजीच्या कपाळाला लावत होते, मला अजून कळलं नाही रे."

"एवढी वर्षं तू बोलली नाहीस, अक्का?"

"तुम्ही सगळे किती अभिमानाने सांगत होतात," आत्या म्हणाली.

फोन ठेवून वरुण वळला तर गार्गी उभी. तिने सगळं ऐकलं होतं. ग्रामीण बोली तिला अर्धीमुर्धीच कळली असेल, तरी जे कळायचं ते कळलं होतं.

"म्हणजे पणजोबांनी त्या बयाजीकाकांचं पिस्तूल सबमिट केलंच नाही?"

"नाही केलं."

"आणि ते काका परत आलेच नाहीत?"

"नाही."

पाटावर फोटो होताच. त्यात मूठ अजून लालभडक होती. वरुणला वाटलं, खोलीत कुणीतरी तापाने फणफणलेलं बसलंय आणि हात पुढे करून थांबलंय. त्याने फोटो उचलला, पण कुठे ठेवावा ते सुचेना. शेवटी तो फोटो हातात घेऊनच त्याने काकांना परत फोन लावला.

"काका, जमा करून टाका."

"नीट विचार कर. एकदा दिलं की परत मिळायचं नाही. बाबांची एवढी एकच तर निशाणी."

"त्यांची नाहीच ती. मला माझ्या नावावर नको. ज्या दिवशी द्यायचं होतं, त्या दिवशी दिलं गेलं नाही. आता तरी द्या."

 काका म्हणाले, "बरं. सुट्टी संपली की जातो चौकीत."

स्मिताने निरांजन लावलं. कात्रीला, विळीला कुंकू लावलं. गार्गीने गोष्ट सांगितली नाही. पूजा झाल्यावर ती वरुणच्या जवळ येऊन बसली.

"बाबा, त्या दारात आलेल्या आजीला कोण सांगणार?"

"त्या आता नसतील, बाळा."

"त्यांची मुलं असतील ना. त्यांना वाटत असेल, पणजोबांनी जमा केलं होतं, तरी बयाजीकाकांना नेलं. हे फेअर नाहीये."

वरुणने पुन्हा पुण्याला फोन लावला. आत्यानेच उचलला.

"आत्या, ती बाई कुठल्या गावची? आडनाव काय?"



"विचारलंच नाही रे कुणी," आत्या म्हणाली. "बाबांनी ‘केलं होतं’ म्हणून सांगितलं, तशी तिने त्यांना वाकून नमस्कार केला. म्हणाली, उपकार झाले, मनातली शंका गेली. आणि गेली निघून."