रिकाम्या सीटवरचा चालक

गाडीत कुणीही बसलेलं नव्हतं. इंजिन बंद, किल्ली वहिनींच्या मुठीत, चारही काचा वर. तरी आमच्या गल्लीतली साठ-सत्तर माणसं त्या रिकाम्या सीटकडे श्वास रोखून बघत होती. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवून ठेवायला चाकबाबाने वहिनींनाच सांगितलं होतं; जुनी गाडी, किल्ली काढली तरी स्टेअरिंगला कुलूप लागत नसे.

तो दाराशी वाकला, कुलपाच्या भोकाला तोंड लावलं आणि म्हणाला, "आलास का? लाजू नकोस रे, सगळी आपलीच माणसं आहेत." मग समोर येऊन त्याने डाव्या चाकावरच्या पत्र्यावर दोन्ही तळहात टेकवले, जणू कुणाला आशीर्वादच देत होता. डोळे मिटले. अंग पुढे झोकलं.

खालून कण्हल्यासारखा आवाज आला. मग टण्णकन काहीतरी सुटलं आणि आमच्या डोळ्यांदेखत स्टेअरिंग वळलं. चांगलं पाव फेरा वळलं. कुणीतरी धरून वळवावं तसं.

"बाबा!" माझी नऊ वर्षांची भाची ओरडली. तिला आम्ही मुंगी म्हणायचो. ती त्या चाकबाबाला हाक मारत नव्हती. सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या आपल्या बापाला मारत होती.

तिचा बाप म्हणजे माझा दादा. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत माणूस संपला. वहिनींनी गाडी विकली नाही. दादाच्या मागे त्या तीच गाडी चालवून गल्लीतली पाच पोरं शाळेत पोचवत. त्या पावसाळ्यात पुढची चाकं खड्ड्यात आदळायला लागली, म्हणून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने पुढचे शॉकअप बदलले. आणि काही दिवसांनी ही गाडी अशी वागायला लागली. वळण घेतलं की सरळ व्हायचं नावच नाही. ज्या बाजूला वळली तिकडेच ओढत राहायची, आणि मध्येच कण्हायची. गाडी मिस्त्रीकडे नेली, तर त्याने लांबूनच हात जोडले. "वहिनी, यात माझं काम नाही. हे दुसरंच आहे." आणि चाकबाबाचा पत्ता त्यानेच दिला.

वाहनांत अडकलेल्या जिवांशी आपण बोलतो, असं हा चाकबाबा सांगे. "माणूस जातो कुठे? जिथे त्याचा हात सगळ्यात जास्त फिरला तिथेच राहतो!" यावर एक म्हातारा हळूच म्हणाला होता, "म्हणजे मी गेल्यावर पत्त्यांच्या कॅटात राहणार." त्याला सगळ्यांनी गप्प केलं. ज्यांची पोरं त्या गाडीतून शाळेत जात, ते तर आपल्या पोरांना गेलेला माणूस जपतो म्हणून मान ताठ करून फिरत होते.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण खरं लिहायचं तर एका दुपारी, गल्लीत कुणी नसताना, मीही त्या स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. दादा असेल का, म्हणून.

स्टेअरिंग वळलं त्या दिवशी खेळ संपल्यावर चाकबाबाने वहिनींना हुकूम सोडला.

"त्याला लेकीला फिरवून आणायचंय. रविवारी सकाळी, खाणीच्या उतारावर. पोरगी पुढच्या सीटवर बसव. पहिलं वळण घेतलंस की दोन्ही हात सोड, ब्रेकवरचा पाय काढ. पुढचं तो बघेल. आणि तोवर या गाडीला पाना लागता कामा नये. लोखंड लागलं की तो कायमचा गेला म्हणून समज. फिरवून झालं की गाडी माझ्या दारी आणून लाव."

आमच्या खाणीचा उतार तुम्ही पाहिलेला नाही. पहिलंच वळण डावीकडे. त्याच्या डाव्या बाजूला कठडा नव्हता, दगड काढून काढून झालेला खड्डा होता आणि त्यात तळाशी काळं पाणी.

"वहिनी, तुम्ही हे करणार नाही," मी म्हटलं.

"वन्सं, तुम्हाला भाऊ नको झाला का?"

आणि मुंगी तर रविवारसाठी निळा फ्रॉक बाहेर काढून बसली होती.

शनिवारी वहिनींचा उजवा खांदा इतका सुजला की हात वर होईना. स्टेअरिंगशी झटून झटून झालेलं ते. मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. आमच्या डॉक्टरीणबाई तुसड्या म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी खांदा दाबला.

"कधीपासून दुखतंय?"

"गाडी ओढायला लागली तेव्हापासून."

"आणि गाडी कधीपासून ओढतेय?"

"हे गेल्यापासून."

"नक्की? गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून?"

वहिनींनी बोटांवर महिने मोजले. "नाही... आधी तर नीट चालायची. पाच महिने नीट होती."

"मग मध्ये काय झालं?"

"काही नाही. शॉकअप बदलले तेवढे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, ऑपरेशननंतर पोटात दुखायला लागलं तर मी आधी टाके बघते. पेशंटचे मेलेले नातेवाईक नाही मोजत. चला, गाडी दाखवा."

गल्लीत त्या पोचल्या तेव्हा चाकबाबा ओट्यावर चहा पीत बसला होता. माणसं जमायला वेळ लागला नाही.

"हात लावू नका!" तो कडाडला.

"पाना नाही लावत. नुसती बघते. लंगडणाऱ्याचे दोन्ही गुडघे मी शेजारी शेजारी ठेवून बघते, तसं." आणि मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही आत बसा. स्टेअरिंग सावकाश फिरवा."

त्या आधी उजव्या चाकाशी वाकल्या. मग मला उठवून वहिनींना डाव्या हाताने फिरवायला आत बसवलं आणि मला बघायला लावलं. उजवीकडची जाड स्प्रिंग चाकाबरोबर अलगद फिरत होती. डावीकडची फिरतच नव्हती. खालचं टोक चाकाबरोबर जाई आणि वरचं जागेवरच अडकून बसे. ओला कपडा पिळावा तशी ती पिळली जात होती. कण्हत होती.

"आता सोडा स्टेअरिंग," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी चाकावरच्या पत्र्यावर दोन्ही तळहात टेकवले आणि अंग पुढे झोकलं.

टण्ण! स्टेअरिंग पाव फेरा वळलं.

"आलास का?" बाई कोरडेपणाने म्हणाल्या. कुणी हसलं नाही. चाकबाबाने कप खाली ठेवून चपला पायात सरकवल्या.

"पिळलेली स्प्रिंग वजनाने सुटते आणि चाकाला खेचते. कधी पिळातच अडकते, मग चाक सरळ होत नाही. वर काहीतरी फिरायला हवं ते फिरत नाहीये. काय आहे तिथे, मिस्त्री?"

मिस्त्री गर्दीच्या मागे होता. लोकांनी त्याला पुढे ढकललं.

"बेअरिंग," तो म्हणाला. "डावीकडचं काढताना फुटलं. नवीन मिळेना. रबराची चकती कापून घातली... चालतंय असं वाटलं."

"आणि या बाबाला कुठे दाबायचं ते कुणी सांगितलं?"

त्याने चाकबाबाकडे बघितलं, तेवढं पुरलं.

"उघड," वहिनी म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मिस्त्रीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. "माझ्यासमोर उघड."

जॅक लागला. पाना लागला. चकती बाहेर निघाली, झिजून चिंध्या झालेली. ती काढायला शॉकअपला धरून ठेवणारा वरचा नट मिस्त्रीने फिरवला, तो नुसत्या बोटांनीच फिरला. त्या झटक्यांनी नट सैल होत होत टोकाला आला होता. दोन आटे उरले होते.

तो नट वहिनींनी हातात घेतला. डावं वळण, सोडलेले हात, सरळ न होणारं चाक आणि पुढच्या सीटवर निळा फ्रॉक, हे त्यांना तेव्हा दिसलं असावं. मलाही दिसलं. आजही दिसतं.

चाकबाबा कोणत्या बोळातून गेला ते कुणी पाहिलं नाही. पण त्या दिवसाची माझी आठवण त्याची नाही. मुंगी डॉक्टरीणबाईंच्या पोटावर मुठी मारत होती.

"तुम्ही माझ्या बाबांना घालवलंत! तो म्हणाला होता, लोखंड लावू नका!"

बाईंनी तिला मारू दिलं. मग म्हणाल्या, "तुझे बाबा गाडीत नव्हते गं. मी त्यांच्या उशाशी होते. मला त्यांना वाचवता आलं नाही. तुला वाचवता येत होतं."

मुंगी वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. शहरातून नवीन बेअरिंग आलं, खांद्याची सूज उतरली आणि पुढच्या सोमवारी वहिनींनी पोरांना शाळेत नेलं. गाडी वळणावर वळली आणि सरळ झाली. त्यांनी सांगितलं की सरळ झाली तेव्हा रडू आलं, कारण तोवर वाटत होतं, कुणीतरी सोबत आहे.

हे सगळं मी चाळीस वर्षांनी लिहिते आहे ते कुणाच्या दुःखाला हसण्यासाठी नाही. दुःखी माणूस मूर्ख नसतो, मीही नव्हते. पण त्याच्या दुःखात हात घालणारा कुणी तुम्हाला म्हणाला की हे उघडू नका, हे तपासू नका, तर त्याच क्षणी सावध व्हा. जे खरं असतं त्याला पान्याची भीती नसते. आपली माणसं जातात आणि परत येत नाहीत. उरलेली मात्र आपल्या शेजारच्या सीटवर बसलेली असतात. त्यांच्यासाठी तरी स्टेअरिंगवरचे हात सोडू नका.