कच्च्या दुधाची चरवी

मी पितळेची चरवी बोलतेय. साखरा गावात एक नामाजी होता, त्याची कारभारीण सुभद्राबाई होती. हनुमान त्यांचा लेक, सत्यशीला सून. दावणीला अकरा शेळ्या होत्या आणि धारेला मी होते.

फेस बसायच्या आत नामाजी मला तोंडाला लावायचा. तापवलं की दुधाची ताकद जाते, असं त्या घराचं म्हणणं.

कळमनुरीहून आलेल्या सत्यशीलेनं पहिल्याच सकाळी मला चुलीवर ठेवलं. सुभद्राबाईनं तिचा हात धरला. "काहून तापवून राहिली? काय टाकून राहिली त्याच्यात?"

"काई न्हाई, आत्याबाई. आमी उतू येईस्तोर तापवतो."

"तुमच्या घरचं तुमच्या घरी!"

तेव्हापासून मला शिवायची तिला बंदी झाली.

त्या साली दोन शेळ्या गाभडल्या, दिवस भरायच्या आत पिलं पडली. नामाजीनं उघड्या हातानं सगळं निस्तरलं. पुढं त्याची कंबर धरली. संध्याकाळी ताप, अंगभर घाम, उठवायला दोन माणसं. करणी शोधायला सुभद्राबाईनं सुनेची पेटी उचकली, उशी उसवली. निघाला नुसता कापूस.

"ही आली अन् माझा माणूस आडवा झाला. हनुमान, अवसेच्या आत हिला माहेरी घाल!"

सत्यशीलेनं पेटी भरली.

एका डॉक्टरनं आधी मणक्याचा टीबी धरला होता. चार महिने औषध झालं, गुण न्हाई. अवसेआधी नामाजीला नांदेडला न्यावं लागलं, सुनेला घालवायचं राहून गेलं. परक्या भांड्यावर भरवसा नव्हता, म्हणून सुभद्राबाईनं मलाही फडक्यात बांधून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मणक्याचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"मावशी, घरी शेळ्या आहेत? दूध कच्चंच पिता?"

"व्हय. सून तापवती, म्हणून तिला चरवीला हात लावू देत न्हाई मी."

बाईंनी पेन खाली ठेवला. "मग घरात बराबर वागणारी ती एकटीच होती."

सुभद्राबाईनं डोळे बारीक केले. "तुमी कळमनुरीच्या तर न्हाई?"

"मी लातूरची, मावशी."

रक्तात शेळ्यांच्या आजाराचे जंतू सापडले, कच्च्या दुधातून अन् गाभडलेल्या शेळ्यांतून आलेले. ते क्वचितच मणक्यात घर करतात, नामाजीच्या मणक्यात केलं होतं. तीन आठवडे रोज सुई, मग कित्येक महिने गोळ्या. गोळी सून द्यायची, पाकीट सासू उजेडात धरून बघायची. संशय काही एका दिवसात जात न्हाई.

एका सकाळी नामाजी काठीविना दावणीपर्यंत चालत गेला. सुभद्राबाईनं मला दुधानं भरून सुनेच्या हातात दिलं.

"घे. उतू येईस्तोर."

सत्यशीलेची पेटी त्याच दिवशी रिकामी झाली.

आता रोज चुलीवर बसून माझं बूड काळंकुट्ट झालंय. बायांनो, ते घासू नका. ते काळं आहे तोवर या घरातली माणसं ताठ उभी आहेत.