किल्ली नागपूरला गेली

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कुलूप आहे. कुलपाला कसले आले आत्मवृत्त, असे म्हणून तुम्ही हसाल. दारावर लटकायचे, किल्ली फिरली की उघडायचे, परत फिरली की तोंड मिटायचे. यात सांगण्यासारखे काय असणार? चाळीस वर्षे मलाही तसेच वाटत होते. पण गेल्या डिसेंबरपासून मला गप्प राहवत नाही.

माझा जन्म धुळ्याचा. कादर मिस्त्रींनी मला हाताने घडवले. त्यांचे दुकान इतके अरुंद होते, की गिऱ्हाईक आत शिरले की मिस्त्री बाहेर येऊन बसत. माझे अंग जाड पत्र्याचे आणि कडी बोटाएवढी. कुलूप तयार झाले की मिस्त्री ते दगडावर ठेवून हातोड्याचे दहा घाव घालत आणि तुटले नाही तरच विकायला मांडत. मी दहाही घाव सोसले. "दगड थकेगा, ये नहीं थकेगा," असे म्हणत त्यांनी मला पुसून फळीवर ठेवले, तेव्हा मी गर्वाने फुगले होते. त्या गर्वाची आता मला लाज वाटते.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात तेव्हा नवे आरोग्य केंद्र झाले होते. तिथल्या औषधांच्या खोलीला मला लावले. काय दिवस होते ते! सकाळी नऊच्या आत दारात बायाबापड्यांची रांग लागायची. कोणाचे लेकरू तापलेले, कोणाच्या पायात काटा मोडलेला. वीस वर्षांपूर्वी कुंदाबाई सिस्टर आल्या. सगळे गाव त्यांना अक्का म्हणते. त्या मला उघडत आणि गर्दी असली की दिवसभर तसेच कडीत अडकवून ठेवत. लोकांना वाटते, कुलपाला बंद राहायला आवडते. तसे अजिबात नाही. उघडे लटकून रांगेतली माणसे बघत बसण्यात जे सुख आहे, ते दुसऱ्या कशात नाही.

मग केंद्राच्या पैशाला कात्री लागत गेली. डॉक्टरांची बदली झाली, नवे डॉक्टर आलेच नाहीत. रक्त तपासणारा गेला. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचे कंत्राट पुन्हा झाले नाही आणि ती गाडी लिंबाखाली चाके टेकून बसली. औषधांची फळी अर्धी झाली, मग पाव झाली. अक्का एकट्या उरल्या. त्यांनी जिल्ह्याला पत्रावर पत्रे लिहून सर्पदंशाच्या दहा बाटल्या मात्र मिळवल्या होत्या. आमच्याकडे वेचणीनंतर कापूस घरातच रचून ठेवतात, आणि त्या उबेला साप येऊन बसतो. अक्का त्या बाटल्या दर सोमवारी हातात घेऊन तारीख बघत.

अमृतनाना हे आमचे आमदार, विरोधी पक्षाचे. खरे सांगते, माणूस खोटा नव्हता. तीनदा येऊन त्यांनी रिकाम्या खुर्च्या मोजल्या होत्या. डिसेंबरात अधिवेशनाच्या तोंडावर ते चौथ्यांदा आले, ते शंभर माणसे घेऊन. पायरीवर उभे राहून म्हणाले, "यांनी डॉक्टर कापला, ड्रायव्हर कापला, गोळ्या कापल्या. आता दार तेवढे उरले आहे. ते आम्हीच लावतो!"

आमच्याकडे याला टाळे ठोको आंदोलन म्हणतात. त्याची एक रीतच आहे. कार्यालयाला कुलूप लावायचे, घोषणा द्यायच्या, फोटो काढायचे. संध्याकाळपर्यंत पोलीस येऊन कुलूप तोडतात आणि सगळे घरी जेवायला जातात. म्हणून बाजारातले हलके कुलूप आणतात. या वेळी नाना म्हणाले, "हलके नको, हसे होते. पोलिसांना घाम फुटला पाहिजे." पितांबर हा गावातला त्यांचा कट्टर माणूस. तो धावत आत गेला, औषधांच्या खोलीवरून मला किल्लीसकट काढले आणि केंद्राच्या मोठ्या लोखंडी दाराला आणून अडकवले.

अक्का आडव्या आल्या. आत बोट दाखवून म्हणाल्या, "नाना, मझार सापनं औषध शे. कुलूप लागनं ते कोण काढी?"

"अक्का, सांजलोंग पोलीस तोडी टाकतीन," नाना म्हणाले. "दरसाल तेच व्हस."

पितांबरने किल्ली फिरवली. टाळ्या वाजल्या. नानांनी माझी ती एकुलती एक किल्ली खिशात घातली.

पण पोलिसांनी मला तोडले नाही. वरून निरोप होता, की त्यांचे कुलूप आहे, त्यांनाच बदनाम होऊ द्या. दुसऱ्या दिवशी नाना किल्ली घेऊन नागपूरला गेले, ती सभागृहात दाखवायला. अक्कांनी कुलूप तोडायची परवानगी मागितली, तर उत्तर आले, आंदोलकांनीच उघडावे. आंदोलक म्हणाले, सरकारने उघडावे. अक्का पिशवीत चार गोळ्या घेऊन ओट्यावर बसू लागल्या. दारापलीकडे दहा बाटल्या होत्या. त्यांच्या आणि अक्कांच्या मध्ये मी होते.

चौथ्या दिवशी दुपारी पितांबर आपल्या बायकोला, कामिनीला, पाठीवर घेऊन पळत आला. घरातल्या कापसावर ती टेकून बसली होती, तिथेच साप चावला. अक्कांनी तिला ओट्यावर निजवले आणि ओरडल्या, "किल्ली कोठे शे?"

"नानाजोडे! फोन लागत नही!"

"मंग फोड! किल्लीनी वाट नको देखू!"

पितांबरने मोठा दगड उचलला. घावावर घाव पडू लागले. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने म्हणत होते, तूट, तूट! पण मला तुटायला शिकवलेच नव्हते. दगडाचे दोन तुकडे झाले. कोणी पहार आणली, ती कडीत शिरेना. दार हलले, कोयंडा वाकला, मी तसेच राहिले. कामिनी क्षीण आवाजात म्हणाली, "मन्हा डोया मिटाई ऱ्हायनात." मग तिला बोलता येईना. पाऊण तासाने तिला रिक्षात घालून धुळ्याला नेले. धुळे आठ किलोमीटर राहिले असताना ती गेली.

त्या दुपारी नानांनी सभागृहात किल्ली उंच धरली होती. तो व्हिडिओ संध्याकाळी पक्षाच्या ग्रुपवर आला. पितांबरच्या फोनवर अंगठेच अंगठे येत होते. तो अंत्यसंस्काराची लाकडे रचत होता.

नाना धावत परत आले. त्यांनी स्वतःच मला उघडले. बाटल्या फळीवर जागच्या जागी होत्या, तारीखही शिल्लक होती. शोकसभेत नाना बोलले, की ही हत्या सरकारी अनास्थेने केली. सरकारी पत्रकात आले, की हा मृत्यू आंदोलनामुळे झाला. पितांबर सभेतून उठून गेला. त्याला कोणी काही विचारले नाही.

पुढे हिशेब झाला, तो असा. त्या आठवड्यात केंद्रात रुग्णांची नोंद शून्य. ज्या केंद्रात रुग्ण येत नाहीत, ते चालवून काय उपयोग? अक्कांची बदली मुक्ताईनगरकडे झाली, बाटल्या दुसऱ्या केंद्राला गेल्या. आता एका साहेबाने मला पुन्हा त्याच दारावर लावले आहे. वाकलेला कोयंडा तेवढा सरळ करून घेतला. आज साप चावला, तर गावाला थेट धुळेच गाठावे लागते. ओट्यावर शेळ्या बसतात. पितांबर या रस्त्याने येत नाही, शेताला लांबच्या वाटेने जातो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा, गंजू देऊ नका. मी तसे म्हणणार नाही. मला गंजू द्या. दवाखान्याच्या दारावर मी कधी दिसले, तर मला कोणी लावले, सरकारने की विरोधकांनी, हे विचारत बसू नका. दोघांकडेही उत्तर तयार असते आणि ऐकताना ते पटतेही. तुम्ही सरळ कोयंडा कापा, दार उचकटा, भिंत पाडा. कामिनी माझ्यासमोर पाऊण तास होती.