केहिंदेचं स्टूल

मोनिसोलाला चाळिशी लागली होती, पण ती ते कबूल करायला तयार नव्हती. अबेओकुटा शहरात फोटोवालीने चष्मा लावला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, असं तिचं ठाम मत. पण मागच्या महिन्यातल्या लग्नात नवरी धूसर आणि तिच्यामागच्या पडद्याची जाळी मात्र टाक्याटाक्याने स्पष्ट, असे चांगले अकरा फोटो निघाले. नवरीची आई स्टुडिओत येऊन म्हणाली, "पडद्याचं लग्न होतं का गं?"

म्हणून जुन्या कॅमेऱ्यांचा धंदा करणाऱ्या रोटिमीने देऊ केलेली अदलाबदल तिने जवळजवळ मान्य केली होती. तिच्या वडिलांची, हाताने फोकस करायची पन्नास मिलिमीटरची लेन्स त्याने न्यायची आणि बदल्यात पन्नासचीच, पण आपला आपण फोकस करणारी नवी लेन्स द्यायची. "लागोसची पोरं जुन्या लेन्सांसाठी वेडी झालीत," रोटिमी म्हणाला होता. "तुला डोळे मिळतील, त्यांना वेड मिळेल. दोन दिवस वापरून बघ. शनिवारी चारला येतो."

आज शनिवार होता. टेबलावर दोन्ही लेन्स शेजारीशेजारी ठेवलेल्या होत्या. नवी काळी, हलकी, तुकतुकीत. जुनी जड, कडेला पितळ उघडं पडलेली, आणि तिच्या रिंगवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. बाबांनी स्टुडिओ उघडला त्या दिवशी आईची बाटली उघडून तो लावला होता. त्याच दिवशी जमिनीवर रंगाने स्टुलांच्या पायांच्या खुणा केल्या आणि कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्याही. स्टूल खुणेवर, तिकाटणं खुणेवर, रिंग ठिपक्यावर. मग डोळा लावायचीही गरज नाही, असं ते अभिमानाने सांगत. मोनिसोलाच्या जन्माआधीची गोष्ट, पण तिने ती शंभर वेळा ऐकली होती.

तीनच्या सुमाराला ईया तायवो आल्या; ईया म्हणजे आई, सगळे त्यांना मानाने तसंच म्हणत. इतोकूच्या बाजारात निळीच्या कापडांचं त्यांचं दुकान; वय साठ, आवाज विशीतला. मोनिसोला नमस्काराला गुडघ्यावर वाकली तशी त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पिशवीतून डोक्याला बांधायचे दोन 'गेले', म्हणजे मोठे रुमाल, काढले. एक पिवळा, एक जांभळा.

"पिवळा माझा, जांभळा केहिंदेचा," त्या म्हणाल्या.

त्यांची जुळी बहीण केहिंदे जाऊन चाळीस दिवस झाले होते. जुळ्यांतलं एक गेलं की मागे राहिलेल्याला दोनदा बसवून दोघांचा एक फोटो करायचा, हे मोनिसोलाला नवीन नव्हतं. बाबांनी असे कितीतरी केले होते. तिने स्वतः तीन केले होते, पण लहान मुलांचे. साठ वर्षांच्या बाईने आपण होऊन येऊन मागितलेला हा पहिलाच.

"मोठीचं स्टूल उजवीकडे," ईया म्हणाल्या. "पोटातून मी आधी आले, पण थोरली तीच. मला पुढे धाडलं, जा, जग चाखून ये, कसं लागतं सांग. जन्मभर तेच केलं बाईने. मला पुढे घालायचं आणि मागून हुकूम सोडायचे."

"आणि या वेळी?" मोनिसोलाने विचारलं आणि जीभ चावली.

"या वेळी न विचारता पुढे गेली," ईया म्हणाल्या. "तेच तर मला सोसत नाही."

मोनिसोलाने नवी लेन्स लावली. ईया पिवळा गेले बांधून डावीकडच्या स्टुलावर बसल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांच्या डोळ्याभोवती हिरवा चौकोन टपकन येऊन बसला. चिक. मग जांभळा गेले, उजवीकडचं स्टूल. पुन्हा चौकोन, पुन्हा चिक.

"झालं, ईया."

"झालं? एवढ्यात? माझी सून नमस्काराला वाकायला याहून जास्त वेळ लावते!"

मोनिसोलाने हसत हसत दोन्ही फोटो संगणकावर जोडले. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ फोटो आला होता. अशी धार जुन्या लेन्सवर मोनिसोलाच्या डोळ्यांना आता जन्मात जमली नसती. खुशीत तिने पडदा ईयांकडे फिरवला.

ईयांनी बराच वेळ पाहिलं. "छान आलाय," त्या म्हणाल्या. "पण ह्या दोन्ही मीच आहे गं."

"अं… ते तर तसंच असतं ना, ईया."

"नसतं." त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक फोटो काढला. काळा-पांढरा, कोपरे झडलेला. सात वर्षांच्या दोन मुली, दोन स्टुलं, मागे याच भिंतीची नक्षी. "तुझ्या बापाने काढलेला. नीट बघ."

मोनिसोलाने खणातून भिंग काढलं. दोन्ही मुलींचा वरचा तोच एक दात पडलेला होता. दोघींच्या डाव्या गुडघ्यावर एकाच आकाराची खपली होती.

"ही एकच मुलगी आहे," ती म्हणाली.

"केहिंदे. दोन्हीकडे तीच." ईया खाली बसल्या. "मी गोवराने चटईवर पडले होते. वैद्याने हात टेकलेले. एक गेली तर दुसरी तिच्यामागे जाईल, म्हणून दोघींना निदान कागदावर तरी एकत्र बसवून ठेवू, असं आईने ठरवलं. मग केहिंदे एकदा स्वतःची म्हणून बसली आणि एकदा माझी म्हणून. तीन-चार दिवसांनी माझा ताप उतरला. तेव्हापासून ती मला ऐकवायची, 'तुझ्या जागी मी बसून आलेय, आता तुला मरायची काही गरज नाही.' भांडण झालं की हेच. लग्नात हेच. नातवाच्या बारशाला, बारा माणसांत, हेच!"

त्या हसल्या. मग डोळे पुसले.

"ती सांगायची, तुझा बाप लेन्सचं ते चाक फिरवतच बसला. इकडे फिरव, तिकडे फिरव, संपेचना. ती मला म्हणायची, तुझ्या स्टुलावर इतका वेळ बसले, इतका वेळ बसले, की शेवटी मी तूच झाले. घाबरून घरी पळत आले, तू आहेस का बघायला." ईयांनी नव्या लेन्सकडे हनुवटीने खूण केली. "त्या चिकमध्ये कशी येईल गं ती? तिला तर साधा दरवाजा ओलांडायला वेळ लागायचा."

मोनिसोलाने नवी लेन्स काढली, मध्ये जोडणीचं एक कडं बसवून जुनी चढवली. सवयीने अंगठा ठिपक्यावर गेला आणि तिथेच थबकला.

स्टूल खुणेवर. तिकाटणं खुणेवर. ठिपका तर पहिल्या दिवसापासून होता. मग बाबा तेव्हा फिरवत काय होते?

आणि तिला कळलं. बाबांना त्या दिवशी फोकस करायचाच नव्हता. त्यांच्यासमोर सात वर्षांची एक पोर बहिणीच्या स्टुलावर बसली होती, आणि बहिणीपर्यंत पोचायला तिला वेळ हवा होता. तेवढा त्यांनी तिला दिला. आयुष्यभर ठिपक्याची बढाई मारणाऱ्या त्या माणसाने ही गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही. मोनिसोलाला बाबांची इतकी आठवण आली की क्षणभर तिला समोरचं काहीच दिसेना. याला चाळिशी कारण नव्हती.

"ईया, बसा," ती म्हणाली. "मात्र वेळ लागेल हं. ही लेन्स फार हट्टी आहे."

पिवळ्या गेलेवाला फोटो लवकर झाला. मग ईया जांभळा गेले बांधून उजवीकडे बसल्या. मोनिसोलाने डोळा लावला आणि रिंग फिरवायला लागली. ईया धूसर झाल्या, स्पष्ट झाल्या, पुन्हा धूसर झाल्या.

"केहिंदे काय घालायच्या?" मोनिसोलाने विचारलं.

"कानात मोठे डूल. मी म्हटलं, म्हातारपणी शोभत नाहीत. तर म्हणाली, तुला शोभत नाहीत."

रिंग इकडे, रिंग तिकडे.

"आणि बसायच्या कशा?"

"अशी." ईयांची पाठ ताठ झाली. हनुवटी वर गेली. दोन्ही हात गुडघ्यांवर पसरून आले, घर आपलंच असल्यासारखे. मोनिसोला रिंग फिरवत राहिली. बाहेर मोटारसायकली जात होत्या, कोणीतरी भाजलेल्या कणसांची आरोळी देत होतं. ईयांचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला. भुवया जवळ आल्या, खालचा ओठ जरा पुढे आला. तायवोंचा ओठ कधी तसा येत नसे. आणि त्यांनी डावीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे मान वळवली.

"नीट बस गं, तायवो," त्या म्हणाल्या. आवाज जाड होता, हुकुमाचा. "पोक काढून काय बसलीस? मी आहे ना इथे."

मोनिसोलाने अंगठ्याने रिंग ठिपक्यावर आणली आणि बटण दाबलं.

फोटो मिळाला होता. तिने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. स्टुलावरची बाई हलली नव्हती. हनुवटी तशीच वर, पण गालांवरून पाणी वाहत होतं.

"झालं, ईया," मोनिसोला अगदी हळू म्हणाली.

"एवढ्यात नको," ईया म्हणाल्या. हा आवाज त्यांचा स्वतःचा होता, आणि फार लहान होता. "अजून थोडं फिरव ना."

तेवढ्यात दार वाजलं. चार वाजले होते. रोटिमीने डोकं आत घातलं. "काय मग, ठरलं? कुठली ठेवतेस?"

मोनिसोलाने मागे वळून पाहिलंही नाही. तिने डोळा पुन्हा कॅमेऱ्याला लावला आणि रिंगवर बोटं ठेवली.

"थांब रे जरा बाहेर," ती म्हणाली. "फोकस लागत नाहीये."