पाठमोरं बिस्कीट

सुमीत नानाखेडा भागातल्या आपल्या घरातून सकाळी फिरायला गेला तो परत आलाच नाही, या गोष्टीला बारा वर्षं झाली. कायदा सात वर्षं थांबतो, शास्त्र बारा. त्यामुळे मधल्या काळात त्याची बायको प्रतिभा सरकारी कागदांवर विधवा होती आणि हळदीकुंकवाला सवाष्ण. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन्ही खात्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नसतो.

शास्त्राची मुदत भरली तसा धाकटा दीर जयंत रामघाटावर गुरुजींना भेटून आला. पिठाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दिवस करायचे. फक्त वहिनीचा होकार हवा होता. तो घ्यायला जयंत रविवारी येणार होता, आणि नेमक्या त्याच रविवारी प्रतिभाने मुलीला, ऋताला, कुकीज करायला परवानगी दिली होती.

कॉलनीतली पोरं संध्याकाळी त्या रंगवायला येणार होती. ऋताने देवास गेटहून साचे आणले होते: चांदणी, बदाम, माणूस. कापण्याआधी पीठ फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, असं मोबाइलमधली बाई कळवळून सांगत होती. "मैद्याला कसलं गार करायचं!" म्हणून प्रतिभाने ते उडवून लावलं. पहिल्या ट्रेमधली माणसं फुगली, पसरली आणि एकमेकांना चिकटली.

"एकत्र कुटुंब," ऋता म्हणाली. "आता सुरीनेच वेगळं करावं लागेल."

दुसरी खेप तासभर गार केली. ती माणसं मात्र सडसडीत निघाली, ज्याची त्याची मान ज्याच्या त्याच्या खांद्यांवर. ती जाळीवर निवत होती तेवढ्यात जयंत आला. त्याने एक चांदणी तोंडात टाकली, "बढिया आहे गं" म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

"वहिनी, गुरुजी विचारतायत. अमावस्येचं नक्की करू का?"

प्रतिभा आयसिंग घोटत राहिली. ती हो म्हणाली की गळ्यातलं उतरणार होतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, दाराची बेल वाजल्यावर अजूनही जे क्षणभर होतं, ते व्हायचं थांबणार होतं.

"काका, त्या पुतळ्याला चेहरा काढतात?" ऋताने विचारलं.

जयंतला हे ठाऊक नव्हतं. त्याने तिथूनच फोन लावला. गुरुजींचा आवाज स्वयंपाकघरभर ऐकू आला, "चेहरे का क्या करना है, भैया? गोत्र बता देना बस!"

ऋताने एक माणूस पुढ्यात ओढला, आयसिंगचा कोन उचलला. बाप गेला तेव्हा ती बालवाडीत होती. "आई, बाबा भांग कुठल्या बाजूला पाडायचे?"

"डावीकडे."

"उजवीकडे, वहिनी," जयंत म्हणाला. "लहानपणी एकाच आरशात पाडायचो आम्ही."

"आरशात उलटं दिसतं, भाऊजी."

"मग माझंही उलटंच दिसलं असतं की! काहीही काय!"

बाहेरच्या खोलीत फोटो होता. उठून बघून यायचं कुणी नाव काढेना. प्रतिभाने कोन हातात घेतला आणि बिस्किटाच्या कोऱ्या तोंडाशी नेला. डोळे काढायचे, तर कसे? मिशी होती, पण शेवटच्या दिवसांत त्याने ती काढली होती की काढीन म्हणाला होता? सगळं आठवत होतं ते फोटोतलं. फोटोबाहेरचा चेहरा तिच्यापाशी उरलाच नव्हता. कोनातून एक थेंब ओट्यावर पडला.

मग तिने बिस्कीट उलटं केलं.

खालची बाजू सपाट, जरा जास्त भाजलेली होती. तिथे तिचा हात अडखळला नाही. मानेवर उतरलेले केस. एका बाजूने दुमडलेली कॉलर. जिना उतरताना तिरका होणारा उजवा खांदा. चुरगळलेल्या शर्टाची पाठीवरची घडी. 'इस्त्रीचा घाल की,' असं ती त्या सकाळी म्हणाली होती. तो 'आल्यावर' म्हणाला होता, मागे न वळता.

जयंत ते बघत होता. "दादा," तो म्हणाला.

"गुरुजींना हो सांगा," प्रतिभा म्हणाली. "मी दाराकडे तोंड करून बसले होते, भाऊजी. माझ्याजवळ आहे ती जातानाची पाठ. येणारा माणूस मला आता ओळखूसुद्धा यायचा नाही."

"वहिनी, तुमची तयारी नसेल तर पुढच्या अमावस्येला..."

"हीच. आणि मी घाटावर येणार."

"बायका तिथे..." जयंतने सुरुवात केली, ऋताकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. इतके दिवस तो या होकाराच्या मागे होता. आता फोन हातात घेऊन बसला होता आणि त्याच्याकडून नंबर लावला जात नव्हता.

खाली पोरांचा गलका सुरू झाला. ऋताने चांदण्या, बदाम, माणसं भराभर डब्यात रचली. त्या एका बिस्किटापाशी ती थांबली.

"हेही ठेवू का यांच्यात?"

"नको," प्रतिभा म्हणाली. "ओलं आहे अजून."