मुठीएवढं इंजिन

हेमंतातली सकाळ हुपरीवर उतरते ती पाऊल न वाजवता. उसाच्या फडांवर रुपेरी तुरे डुलत असतात. पंचगंगेकडून आलेलं धुकं त्या तुऱ्यांत गुंतून राहतं, आणि मग पूर्वेचं केशरी ऊन त्याला धाग्याधाग्याने सोडवून घेतं. गाव जागं होतं ते नादाने. घराघरांतून इवल्या हातोड्या बोलू लागतात आणि चांदीच्या अंगावर पहाटेचे ठसे उमटू लागतात.

त्या चांदीच्या गावात एका माडीवर पितळ उजळत होतं.

माडी पद्मजा उपाध्ये हिची. सासर पैंजण घडवणाऱ्यांचं. माहेर ढालगावचं, जिथल्या उघड्या माळावरून तिच्या बालपणी नॅरोगेजची गाडी जायची. बुटकं, कृष्णवर्ण, धूम्रकेशी इंजिन. ते तिने डोळ्यांत साठवलं होतं, आणि आता संगणकाच्या शुभ्र पडद्यावर रेषारेषांनी ते पुन्हा जन्माला घालत होती.

तयार खेळणं तिला विकायचं नव्हतं. ती जुळणीचे संच करत होती. कागदासारख्या पातळ पितळी पत्र्यावर आम्लाने कोरलेले इंजिनाचे सारे अवयव: धुराडं, बाष्पपात्र म्हणजे बॉयलर, चालकाची खोली, चाकांना जोडणारे नाजूक दांडे. सारं एका चपट्या पेटीत निजलेलं. घेणाऱ्याने ते सुटं करावं, आखलेल्या रेषेवर दुमडावं, डाख देऊन सांधावं, आणि मुठीएवढं इंजिन स्वतःच्या हातांनी उभं करावं.

तिच्या हातून ते उभं राहत होतं. देखणं, डौलदार, सुवर्णकांती. पण इतरांच्या हातून राहत नव्हतं.

पहिल्या काही पेट्या बाहेर गेल्या आणि अर्धवट राहिलेल्या इंजिनांच्या तक्रारी परत आल्या. बेळगावहून हलगेकर नावाच्या निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला. आवाज मऊ होता, आणि म्हणूनच जास्त लागला.

"ताई, वस्तू फार सुंदर आहे हो. पण बॉयलरपाशी हात थांबतो माझा. तीनदा केलं, तीनदा उसवलं. माझंच वय झालं असेल."

"वय नाही सर," पद्मजा म्हणाली. "चूक माझ्याकडेच असणार. मी शोधते."

शोधू लागली, पण सापडेना. आपल्या हाताला जे सहज जमतं त्यातली अडचण आपल्याच हाताला कशी दिसावी? तिने बॉयलर जोडला, जुळला. पुन्हा जोडला, पुन्हा जुळला. पितळ हसलं. ती हसली नाही.

माडीच्या दाराशी तिचा नवरा भरतेश उभा होता.

भरतेशच्या हातची घुंगरं एके काळी पंचक्रोशीत नावाजलेली. मग पत्रा लाटण्याच्या यंत्राने उजव्या हाताची मधली तीन बोटं घेतली. अंगठा उरला, करंगळी उरली; मध्ये उरली एक पोकळी. त्या दिवसापासून त्याने चिमटा धरला नव्हता. दुकानात बसायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा, आणि हातोड्यांचा नाद सुरू झाला की उठून शेताकडे चालू लागायचा.

"एक पेटी दे की मला," तो म्हणाला.

पद्मजाने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत आनंद यायच्या आधी भीती आली, आणि ती त्याला दिसली.

"अहो, हे फार बारीक काम आहे. चांगल्या चांगल्यांना जमेना झालंय."

"म्हणूनच मागतोय. तुझे हात कुठं अडतच नाहीत. माझे अडतील. कुठं अडतात ते तरी कळेल तुला."

"आणि नाहीच जमलं तर? पुन्हा मनाला लावून घेणार तुम्ही."

"घेईन. माझं मी बघतो. तू पेटी दे."

तिने पेटी दिली.

मग उजेड खिडकीतून येत राहिला, आणि उजेडासोबत तो माडीवर येत राहिला. डावा हात नवखा, अडखळता. उजवा हात अपुरा, पण सारं आठवणारा. अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत पितळेचं पान थरथरायचं, निसटायचं, टेबलाखाली जाऊन पडायचं. तो वाकायचा, शोधायचा, पुन्हा बसायचा. पद्मजा पाठ फिरवून पडद्याकडे बघत राहायची. मदतीला धावणारे आपले हात तिने मांडीखाली दाबून धरले होते.

धुराडं जमलं. चालकाची खोली जमली. मग बॉयलर आला.

पत्रा वळला, कडा जवळ आल्या, डाख वितळला. आणि कड सुटली. पुन्हा वळला, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तापलेल्या पितळेने त्याच्या अंगठ्याला चटका दिला. त्याने तो तुकडा भिंतीवर भिरकावला, आणि माडीभर एक पीतवर्ण, बोचरा नाद घुमला.

पद्मजा उठली. तो ओरडला, "थांब! जवळ येऊ नको!"

ती थांबली. भरतेशने भिंतीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि मग पेटीतल्या पत्रकावरच्या तिच्या सूचनेकडे पाहिलं. पाहता पाहता त्याच्या कपाळावरची आठी विरली.

"काय लिहिलंयस वाच बरं."

"गोल वळवून घट्ट धरा आणि सांध्यावर डाख द्या."

"घट्ट धरा. एका हातानं पत्रा. दुसऱ्यात चिमटा. आणि डाखाची कांडी कोण धरणार? पद्मा, इथं दोन हातवालापण अडणारच. तू गुडघ्यानं, दातानं, कशानंही भागवतेस, तुला ते कळतच नाही. हे काम तीन हातांचं आहे."

पद्मजा खाली बसली. फरशीवरचा तो वाकडा तुकडा तिने उचलला. मनात काही लखलखलं, आणि लाजेची जागा उत्साहाने घेतली.

"तिसरा हात मी देते," ती म्हणाली.

तिने जुनी रेषा पुसली. बॉयलरच्या पोटात तिने तीन चकत्या बसवल्या, बरगड्यांसारख्या. चकत्यांना दात दिले, पत्र्याला खाचा दिल्या. दात खाचेत शिरावा, किंचित वळावा, आणि पत्र्याने पत्र्याला मिठी मारावी. मग कुणी धरायला नको, कुणी दाबायला नको. हात मोकळा, डाख मोकळा. कोवळी उन्हं जून झाली, आणि ती रेखत राहिली. चहा निवला, साय धरली. ती रेखत राहिली. एक अवयव सुधारला तशी तिची नजर साऱ्या इंजिनावरून फिरली, आणि जिथे जिथे तिने परक्या हातांना 'घट्ट धरा' असं बजावलं होतं, तिथे तिथे तिने पितळेलाच धरायला शिकवलं.

नवा पत्रा कोरून आला तेव्हा उसाची तोड सुरू झाली होती.

भरतेशने बॉयलर वळवला. दात खाचेत शिरले. त्याने दोन्ही हात काढून घेतले, दूर नेले, हवेत उघडे धरले.

बॉयलर उभा होता. गोल, निश्चल, स्वयंसिद्ध.

"धरलं गं त्यानं," भरतेश हलक्या आवाजात म्हणाला. मग डाव्या हाताने त्याने डाख दिला. रुपेरी थेंब सांध्यावरून धावला, नदीसारखा वळला आणि शांत झाला. ती रेघ सरळ होती, निर्मळ होती.

दुसऱ्या सकाळी टेबलावर लंबवर्तुळाकार रूळ मांडले. बॉयलरच्या पोटात चिमुकली मोटर विसावली. पद्मजाने बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"तुम्ही लावा."

भरतेशने बटण फिरवलं. इंजिन थबकलं, अंग चोरून घेतल्यागत हललं, आणि चाललं. दांडे वर गेले, खाली आले. चाकांनी चाकांना ओढलं. वळण आलं आणि वळण मागे पडलं. डुगडुगलं नाही, अडखळलं नाही, रूळ सोडला नाही. पितळी, पाणीदार, पुढेच पाहणारं.

भरतेश मोठ्याने हसला. खालून सासूबाईंनी विचारलं, "काय रे झालं?"

"काही नाही, आई! गाडी आली!"

मग त्याने खुर्ची ओढली, बाही सारली.

"दुसरी पेटी काढ. आणि धुराड्याचं बूड जरा रुंद कर. तिथंही अडतंय."

"मला नाही वाटत."

"तुला नाहीच वाटणार. बघ, दाखवतो."

दोन मस्तकं एका नव्या पत्र्यावर झुकली. वाद सुरू झाला, बोटं रेषांवरून धावू लागली, आणि त्यांच्या पुढ्यात ते इंजिन फिरत राहिलं, कुणी बघो न बघो. खिडकीशी आलं की उन्हाचा एक कवडसा उचलून घ्यायचं. तो कवडसा तिच्या गालावरून, त्याच्या कपाळावरून, तीन बोटांच्या त्या मोकळ्या जागेवरून सरकत जायचा, आणि पुन्हा वळण, पुन्हा ऊन, पुन्हा सोनं.